महाड-पोलादपूर परिसरातील नभोवाणीचा एक दिवस : १ एप्रिल १९५५

ग्रामीण महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात नभोवाणीचा विचार बहुधा केंद्रांच्या बाजूने केला जातो. केंद्र केव्हा स्थापन झाले, त्याचे संचालक कोण होते, तेथून कोणते गाजलेले कार्यक्रम प्रसारित झाले, याची नोंद होते. परंतु ध्वनिक्षेपण ही क्रिया श्रोत्यापाशी पूर्ण होते. तो श्रोता कोठे बसला होता, त्याच्यापर्यंत कोणता आवाज पोचू शकत होता, आणि ऐकण्यासाठी त्याला कोणाच्या ओसरीवर जावे लागे, हे प्रश्न केंद्रांच्या इतिहासाइतकेच महत्त्वाचे होत. या दृष्टीने कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड जिल्हा) अंतर्भागातील महाड व पोलादपूर हा मुलूख आणि शुक्रवार, १ एप्रिल १९५५ हा दिवस, असे एक स्थळ व एक काल निवडून विचार करणे उपयुक्त ठरेल. त्या दिवशी रामनवमी होती. त्याच दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांनी रचलेल्या व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेल्या गीतरामायणास प्रारंभ झाला.

१

प्रथम भूगोल पाहिला पाहिजे. महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठचे गाव. खाडीच्या वाटेने बाणकोटशी आणि घाटवाटांनी देशाशी त्याचा जुना व्यापारी संबंध होता. पोलादपूर त्याच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. तेथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढते व दुसरी कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. महाडहून वरंधा घाटाने भोरमार्गे पुण्यास जाता येते. सरळ रेषेत मोजले तर महाडपासून पुणे सुमारे ६७ किलोमीटर आणि मुंबई सुमारे ११५ किलोमीटर अंतरावर आहे. नकाशावर पाहणारास पुणे हेच जवळचे केंद्र वाटेल.

ध्वनिलहरींचा हिशेब मात्र निराळा असतो. मध्यम लांबीच्या लहरी दिवसा जमिनीच्या पृष्ठभागाला धरून प्रवास करतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून त्या फारशा क्षीण न होता दूरवर जातात. कोरड्या खडकाळ डोंगराळ प्रदेशात मात्र त्यांची शक्ती लवकर संपते. पुणे व महाड यांच्यामध्ये सह्याद्रीची संपूर्ण भिंत उभी आहे. मुंबईकडून येणाऱ्या लहरीस मात्र किनारा, खाड्या व सखल कोकणपट्टी यांची वाट मोकळी मिळते. त्यामुळे दिवसाच्या प्रहरी महाडच्या श्रोत्याला दूरची मुंबई जवळ व जवळचे पुणे दूर, अशी स्थिती असणे स्वाभाविक होते. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांतून मध्यम लहरी परावर्तित होऊ लागतात आणि दिवसा न लागणारी केंद्रे रात्री लागू लागतात. लघुलहरी तर याच परावर्तनाच्या बळावर हजारो किलोमीटर जातात. म्हणून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या कोलंबोचा आवाज सावित्रीच्या खोऱ्यात सायंकाळी पुण्याहून अधिक स्पष्ट उमटू शके. चैत्र-वैशाखात वळवाच्या ढगांमुळे होणारी खरखर हा या सर्वांवरचा आणखी एक कर होता.

२

या भूगोलावर संस्थांची रचना चढलेली होती. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली व सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ पासून या संस्थेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात केवळ सहा केंद्रे होती आणि त्यांचे क्षेत्र देशाच्या भूमीच्या अडीच टक्के व लोकसंख्येच्या अकरा टक्के इतकेच पोचत होते. मराठी मुलखात नागपूर केंद्र १९४८ मध्ये व पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले. अर्थात गीतरामायण सुरू झाले तेव्हा पुणे केंद्राचे वय अवघे दीड वर्षाचे होते.

ऐकणाराच्या बाजूने पाहता दोन अडचणी मुख्य होत्या. पहिली परवान्याची. १९३३ च्या कायद्यान्वये परवान्याशिवाय संच बाळगणे हा गुन्हा होता. हा परवाना टपाल कचेरीतून मिळे आणि पन्नाशीच्या दशकात त्यासाठी वर्षाला १५ रुपये भरावे लागत. दुसरी अडचण विजेची. खेडोपाडी वीज पोचण्यास अजून पुष्कळ अवकाश होता. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या संचास एक तर कोरड्या विद्युद्घटांची जड पेटी लागे, अथवा मोटारीच्या जातीचा घट लागे व तो वेळोवेळी भारित करून आणावा लागे. संचाबरोबर दोन उंच बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार व जमिनीत पुरलेली दुसरी तार हाही सरंजाम असे. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर भारतातील सामान्य माणसाच्या हाती आला तो साठीच्या दशकात. तात्पर्य, १९५५ मध्ये या भागात नभोवाणी संच म्हणजे घरातील वस्तू नसून गावातील एखाददुसऱ्या घराची अथवा एखाद्या सार्वजनिक जागेची वस्तू होती. ऐकणे ही क्रिया त्यामुळे समुदायाने करावयाची होती, आणि घट लवकर उतरू नयेत म्हणून ती निवडक वेळीच करावयाची होती.

३

अशा परिस्थितीत रामनवमीच्या त्या शुक्रवारी या खोऱ्यात दोन प्रकारचे दिवस एकाच वेळी चालू होते, असे म्हणता येईल. एक दिवस पंचांगाचा व दुसरा घड्याळाचा.

पंचांगाच्या दिवसाचे केंद्र मध्यान्ह हे होते. रामजन्म दुपारी बारा वाजता होतो अशी भाषा रूढ असली, तरी परंपरेचा अभिप्राय सूर्य माथ्यावर येण्याच्या क्षणाशी आहे. महाडचे रेखांश व भारतीय प्रमाणवेळेचे रेखांश यांत नऊ अंशांचे अंतर असल्यामुळे १ एप्रिल रोजी तेथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी. नभोवाणीने दिवसातून अनेक वेळा प्रमाणवेळ सांगून जी शिस्त लावली, तिच्यात या चाळीस मिनिटांना जागा नव्हती. घड्याळे रेल्वेने व तारखात्याने पूर्वीच जुळवली होती हे खरे. परंतु या मुलखात रेल्वे नव्हती, ती आली १९९० च्या दशकात कोकण रेल्वेच्या रूपाने. ज्यांच्या गावी रेल्वेची वेळ पोचली नव्हती त्यांच्यापर्यंत देशाची वेळ पोचविणारे पहिले नित्य साधन नभोवाणी हेच होते.

घड्याळाचा दिवस सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन सभांत विभागलेला होता. सकाळच्या सभेचा आरंभ संकेतधुनीने होई. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख म्हणून काम केलेले वॉल्टर कॉफमन हे तिचे कर्ते मानले जातात. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून ते मुंबईस आले होते. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर वाजणारी ती धून देशातील प्रत्येक केंद्रावर एकच होती. गावच्या पहाटेला यापूर्वी भूपाळी, जाते व देवळातील घंटा यांचे स्वर ठाऊक होते. आता दिल्लीपासून पोलादपूरपर्यंत एकच असलेला हा स्वर त्यांत मिसळला.

त्याच सकाळच्या सभेत पुण्याहून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. योजना वर्षभराची होती. दर शुक्रवारी नवे गीत व शनिवार-रविवारी त्याचेच पुनःप्रक्षेपण, असा क्रम होता. केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही योजना आकारास आली. बावन्न आठवड्यांसाठी बावन्न गीते असा मूळ हिशेब होता. त्या वर्षी अधिकमास आल्यामुळे संख्या छप्पन्न झाली आणि १९ एप्रिल १९५६ रोजी पुढच्या रामनवमीस मालिका समाप्त झाली. येथे पंचांगाने घड्याळाच्या योजनेत चार आठवडे वाढविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नभोवाणीने गावाची वेळ बदलली हे जितके खरे, तितकेच गावाच्या कालगणनेने नभोवाणीचे वेळापत्रक बदलले हेही खरे.

तथापि महाड-पोलादपूरच्या दृष्टीने या प्रसंगात एक विसंगती आहे. दिवसाच्या प्रहरी पुण्याचा आवाज सह्याद्री ओलांडण्यास दुर्बळ. ज्या मुलखात शिवथरघळीची दासबोधाच्या लेखनाशी सांगड घातली जाते आणि जेथे रामदासी परंपरेचा पगडा मोठा, तेथेच रामकथेची ही नवी आवृत्ती प्रत्यक्ष लहरींच्या रूपाने सर्वांत क्षीण पोचावी! तरीही काही वर्षांत गीतरामायण कोकणात घरोघरी ठाऊक झाले. याचे कारण असे की, त्याचा प्रसार केवळ लहरींनी झाला नाही. १९५७ च्या विजयादशमीस, ३ ऑक्टोबर रोजी, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सुधीर फडके यांनी त्याचे शेकडो जाहीर प्रयोग केले. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या. नभोवाणीने कृतीस जन्म दिला, परंतु घाटाखाली ती पोचविण्याचे काम छापखान्याने, रंगमंचाने व प्रवास करणाऱ्या माणसांनी केले. माध्यमांचा इतिहास लिहिताना एका माध्यमाचा परिणाम त्या एकट्याचाच मानण्याची चूक होऊ नये, यासाठी हे उदाहरण बोलके आहे.

दुपारी देवळात कीर्तन, पाळणा व सुंठवडा. कीर्तनकाराच्या व भजनी मंडळाच्या साथीला पेटी असते. आकाशवाणीवर मात्र १ मार्च १९४० पासून पेटीस मज्जाव होता. तिचे बांधलेले स्वर भारतीय संगीताच्या श्रुतींशी जुळत नाहीत हे त्याचे कारण सांगितले जाई. हा निर्बंध सैल झाला तो १९७० च्या दशकात. म्हणजे त्या दिवशी एकाच देवतेचे गायन देवळात पेटीसह व नभोवाणीवर पेटीवाचून चालले होते. हा भेद केवळ वाद्याचा नव्हता. लोकांना जे मनोरंजन ठाऊक होते आणि सरकारी संस्थेस जे त्यांच्यासाठी योग्य वाटत होते, त्यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

४

हेच अंतर सायंकाळी अधिक ठळक होई. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीताचा प्रसार हे त्यांनी आकाशवाणीचे कर्तव्य मानले. जुलै १९५२ मध्ये शनिवार रात्रीची अखिल भारतीय संगीतसभा सुरू झाली आणि त्याच सुमारास चित्रपटगीतांची जागा अत्यंत संकुचित करण्यात आली. चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून सुरू झालेल्या बिनाका गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई व अमीन सयानी यांचा आवाज कोलंबोमार्गे पुन्हा भारतात येई. गीतमाला बुधवारची, परंतु शुक्रवारीही कोलंबोवर हिंदी चित्रपटगीतांना तोटा नव्हता. मुंबईत गायिलेली व मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली गाणी, मुंबईपासून सुमारे ११५ किलोमीटरवर असलेल्या महाडला श्रीलंकेच्या वाटेने ऐकू यावीत, हा त्या धोरणाचा परिणाम होता. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली ती हा श्रोता परत मिळविण्यासाठी.

मुंबईशी या मुलखाचा संबंध केवळ ध्वनिलहरींचा नव्हता. भात, नाचणी व वरी यांवर भागत नसल्यामुळे येथील घराघरांतून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व कचेऱ्यांत चाकरीस जात. शिमगा, वैशाख व गणपती या वेळी परत येणारा चाकरमानी मुंबईची भाषा, गाणी व वस्तू घेऊन येई. मुंबई केंद्राचा 'कामगार सभा' हा कार्यक्रम गिरणगावासाठी योजलेला असला, तरी त्याचा श्रोतृवर्ग गिरणगावापुरता मर्यादित राहण्याचे कारण नव्हते. परळच्या खोलीत राहणारा मनुष्य व पोलादपूरच्या वाडीत राहणारे त्याचे कुटुंब यांना एकाच वेळी एकच आवाज ऐकण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. पत्र व मनीऑर्डर यांना लागणारे दिवस या आवाजाला लागत नव्हते. याउलट पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकामुळे जी खेड्याची बोली आली ती माणदेशाची, घाटावरची होती. नमन-खेळे, जाखडी व शिमग्याची पालखी यांच्या कोकणास नभोवाणीवरील 'ग्रामीण' हा शब्द पुष्कळसा परक्या खेड्याचा वाटावा, अशीच ही स्थिती होती. कोकणासाठी रत्नागिरी येथे स्वतंत्र केंद्र निघाले ते १९७० च्या दशकात.

मनोरंजनाच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये बातम्या येत. गाणे ऐकण्यास जमलेला समुदाय त्यामुळे राजकारणाचाही श्रोता बने. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय नभोवाणीवरूनच जाहीर केला. त्या निर्णयाच्या निषेधार्थ अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले व कुलाब्याचे लोकसभेतील प्रतिनिधी होते.

५

आता या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हा आवाज ऐकण्यास कोण बसू शकत होते?

हा प्रश्न अन्यत्र विचारला तर तो सामान्य सामाजिक प्रश्न ठरेल. महाडमध्ये विचारला तर त्याला विशिष्ट इतिहास आहे. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत असे ठरविले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तदनुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतर मारहाण, तळ्याचे 'शुद्धीकरण', नगरपालिकेची माघार व दिवाणी दावा या क्रमाने हे प्रकरण दहा वर्षे चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. मुंबईचे केंद्र सुरू झाले ते सत्याग्रहानंतर अवघ्या चार महिन्यांनी, हा केवळ योगायोग. परंतु सार्वजनिक पाणी व सार्वजनिक आवाज हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षात उपस्थित झाले.

१९२३ च्या त्या यादीत मनोरंजनाचा उल्लेख नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात मात्र तो आहे. दुकाने, उपाहारगृहे व सार्वजनिक मनोरंजनाची ठिकाणे यांत प्रवेश हा पहिला भाग. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते व सरकारी निधीतून राखलेल्या सार्वजनिक जागांचा वापर हा दुसरा भाग. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ रोजी, म्हणजे गीतरामायणाच्या आरंभानंतर दोन महिन्यांनी, अंमलात आला. त्यानेही मनोरंजनाच्या ठिकाणी प्रवेश नाकारणे दंडनीय ठरविले. तळे व करमणूक यांना घटनेने एकाच अनुच्छेदात स्थान दिले, यात मोठा अर्थ आहे. एकत्र पाणी पिणे जितके समतेचे लक्षण, तितकेच एकत्र बसून आनंद घेणे हेही होय, असा त्याचा आशय आहे.

१९५४ पासून केंद्र सरकारच्या अर्ध्या खर्चाने राज्यांतील खेड्यांना सामुदायिक संच देण्याची योजना चालू झाली. असा संच चावडीवर, शाळेत वा पंचायतीच्या जागेत ठेवला की तो घटनेच्या दोन्ही भागांत बसतो. तो मनोरंजनाचे ठिकाण होतो आणि सरकारी निधीतून राखलेली सार्वजनिक वस्तूही होतो. परंतु पाणी व आवाज यांत एक मूलभूत भेद आहे. तळ्यावर पहारा ठेवून पाणी नाकारता येते. आवाजाला भिंत अडवू शकत नाही. अंगणाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही गाणे ऐकू येतेच. म्हणूनच नभोवाणीच्या बाबतीत बहिष्काराचे स्वरूप सूक्ष्म होते. ऐकू येणे हा हक्क नव्हे. संचाजवळ बसणे, कोणते केंद्र लावावे हे सांगणे, ऐकलेल्यावर बरोबरीने बोलणे, यांत हक्काची खरी कसोटी आहे. गाव आणि वाडा यांच्या वस्त्या जेथे वेगळ्या, तेथे संचाची जागा ठरविणे हाच एक सामाजिक निर्णय होता.

या भेदाचे महत्त्व एका समकालीन प्रयोगाने अप्रत्यक्षपणे सिद्ध केले. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकून सभासदांनी त्यावर चर्चा करावयाची होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे परीक्षण केले व पॉल न्यूराथ यांनी निष्कर्ष मांडले. जेथे मंडळ होते तेथे ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली. जेथे केवळ संच होता, मंडळ नव्हते, तेथे ती नगण्य होती. कुलाबा जिल्हा त्या पाचांत नव्हता. परंतु निष्कर्ष त्यासही लागू पडतो. खेड्यात यंत्र आणून ठेवल्याने श्रोता निर्माण होत नाही. एकत्र बसून बोलण्याचा अधिकार मिळाला म्हणजे तो निर्माण होतो.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी आकाशवाणीवरून आपल्या तत्त्वज्ञानाविषयी भाषण केले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीपासून घेतलेली आहेत, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यांनी बंधुतेस सर्वांत वरचे स्थान दिले, कारण कायदा स्वातंत्र्य व समता यांचे रक्षण पुरेसे करू शकत नाही अशी त्यांची धारणा होती. महाडच्या दृष्टीने हे विधान अनुभवसिद्ध होते. १९२४ चा ठराव होता, पण पाणी मिळाले नव्हते.

६

१ एप्रिल १९५५ या एका दिवसाच्या परीक्षणातून काही गोष्टी निष्पन्न होतात. नभोवाणीने देश एका आवाजाने जोडला हे विधान स्थूल आहे. सावित्रीच्या खोऱ्यात तो आवाज एक नव्हता. मुंबई, पुणे व कोलंबो यांचे आवाज दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी, निरनिराळ्या बळाने व निरनिराळ्या हेतूंनी तेथे येत होते. त्यांतील कोणता आवाज पोचावा हे काही अंशी डोंगराने, काही अंशी मंत्र्याच्या धोरणाने व काही अंशी विद्युद्घटाच्या किमतीने ठरत होते. परंतु पोचलेला आवाज कोणाचा व्हावा हे गावाने ठरवावयाचे होते.

ट्रान्झिस्टर आल्यावर संच स्वस्त झाला, १९८५ मध्ये परवानाशुल्कही रद्द झाले, आणि ऐकणे हळूहळू एकट्याचे झाले. चावडीवरचा प्रश्न त्यामुळे सुटला असे वाटते. वस्तुतः तो सोडविण्याचा प्रसंगच टळला. प्रत्येकास आपापला संच मिळणे म्हणजे एका संचाभोवती सर्वांस जागा मिळणे नव्हे. चवदार तळ्याचा लढा घरोघर वेगळी विहीर मिळावी म्हणून झाला नव्हता. एकाच पाण्यावर सर्वांचा सारखा अधिकार सिद्ध करण्यासाठी तो झाला होता. नभोवाणीच्या सामुदायिक श्रवणाचा अल्पकालीन अध्याय याच कसोटीवर तपासला गेला पाहिजे, आणि त्यासाठी केंद्रांच्या दप्तरांइतकेच ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तांकडे व वाड्यावस्त्यांतील वृद्धांच्या आठवणींकडे अभ्यासकांनी वळणे अगत्याचे आहे.